मानाचं ताट

सोनगीरच्या प्रेमराजने मानाचं ताट घडवलं, त्याला कल्हई केली, त्यावर स्वतःचंच नाव घातलं आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून ते पिशवीच्या तळाशी दडवलं. पहिल्या दोन कामांत काही वावगं नव्हतं. प्रेमराज पिढीजात तांबट, आणि लीगची सगळी ताटं आजवर त्यानेच घडवलेली. घोडं पेंड खात होतं ते तिसऱ्या कामात. ते ताट कुणाला द्यायचं हे अजून ठरायचं होतं, आणि ठरवणारी मंडळी तिकडे यावलच्या मळ्यात वांगी भाजायच्या तयारीला लागली होती.

“अजून ठरनं नही आनि तुम्ही नाव घाली बठनात?” दिपमालाने, म्हणजे त्याच्या बायकोने, कपाळाला हात लावला.

“शेतमा बशीसन घाईमा नाव चांगलं येत नही,” प्रेमराज म्हणाला. “दुसरासना नावले चालस. मना नावले नही.”

बाजारात तुरी आणि घरात वरणाला उकळी, असा प्रकार. पण बाई शहाणी. दरवर्षी नवरा हातोडी आणि नाव घालायचा खिळा सोबत नेतो, यंदा नेला नाही तर लोकांना संशय येईल, हे तिच्या लक्षात आलं. तिने दोन्ही वस्तू पिशवीत टाकल्या आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

आता ही लीग कसली, ते सांगायला हवं. खान्देशात बेसबॉल म्हटलं की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणजे क्रिकेटच ना? तर नाही. फार वर्षांपूर्वी एक खेळाचे मास्तर बॅटी, हातमोजे आणि चेंडू भरलेली मोठी पेटी घेऊन इकडे आले. त्यांची बदली झाली, पेटी मागे राहिली. पेटी रिकामी ठेवायची नाही म्हणून सोनगीरने संघ काढला, सोनगीरने काढला म्हणून भडगावने काढला, आणि मग यावलला गप्प बसवेना. अशी ही खान्देश बेसबॉल लीग उभी राहिली. खेळणारे नऊ, पण सोनगीरच्या संघाचं नाव ‘तांबट इलेव्हन’, कारण बोर्ड रंगवणाऱ्याचा हात क्रिकेटला बसलेला होता. ते नाव कुणी बदललं नाही. उरलेले दोघं कुठे आहेत, असं पाहुण्या संघाने विचारलं की सोनगीरचे लोक गावच्या किल्ल्याकडे बोट दाखवत.

लीगमधून निवृत्त झालेल्या खेळाडूंपैकी एकाला दरवर्षी मान मिळतो. मान म्हणजे पितळी ताट. त्यावर खेळाडूचं नाव ठोकून घालायचं, त्या ताटात त्याने भरीत खायचं, आणि मग ते धुऊन, पुसून लीगच्या जुन्या अंपायर कोकिळाअक्कांच्या यावलच्या मळ्यातल्या खोलीत भिंतीवर टांगायचं. त्या खोलीत एके काळी केळी पिकवायचे. अजूनही आत गेलं की गोडसर वास येतो, आणि भिंतीवर ओळीने पितळ चमकतं. लग्नात मिळालेली ताटं कपाटात जातात, हे ताट भिंतीवर जातं. म्हणून साठी गाठलेली माणसंही त्यासाठी लहान मुलांसारखी रुसतात.

रीत मात्र मोठी तिरपागडी आहे. शेवटी दोन नावं उरली की त्या दोघांनी एकमेकांची वकिली करायची. स्वतःच्या बाजूने चकार शब्द काढायचा नाही. जो हरेल त्याचं नाव पुन्हा कधी येत नाही, नाहीतर दरवर्षी तेच रडगाणं. आणि तिघा पंचांचं एकमत होत नाही तोवर भरताला फोडणी पडत नाही. वांगी भाजून, सोलून, ठेचून तयार असतात, कांद्याची पात चिरलेली असते, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या फुगत असतात, आणि सगळे उपाशी. भुकेने माणूस लवकर न्यायाला येतो, असं अक्कांचं म्हणणं.

यंदा दोन नावं उरली होती, प्रेमराज आणि भडगावचा भाईदास.

प्रेमराज पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. लहानपणापासून हातोडी चालवलेला त्याचा उजवा हात. तो चेंडू फेकायचा तेव्हा मागे बसलेल्या कॅचरच्या मोज्यात असा आवाज व्हायचा की किल्ल्यावरची कबुतरं उडायची. त्याने किती जणांना तीनच चेंडूंत बाद केलं त्याची गणतीच नको. आणि भाईदास? एसटीत कंडक्टर. त्याने उभ्या आयुष्यात एक होमरन मारला नाही. त्याची सारी कीर्ती एकाच गोष्टीवर उभी होती. बेसबॉलमध्ये पिचरचा चेंडू बॅटरच्या अंगाला लागला, तर बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. भाईदास लीगमध्ये सगळ्यात जास्त वेळा चेंडू अंगाला लागून बेसवर गेलेला माणूस होता. खांदा, पाठ, मांडी, कंबर, सगळीकडे लागून झालं होतं.

एवढं ऐकून कुणीही म्हणेल की ताट प्रेमराजचंच. प्रेमराजही तेच म्हणत होता. पण त्याला ते ताट नुसतं टांगायला नको होतं. त्याच्या मनात एक काटा होता, आणि तो भाईदासनेच रुतवलेला.

बारा वर्षांपूर्वीची फायनल, सोनगीर विरुद्ध भडगाव. शेवटचा डाव, दोन्हीकडे सारखे रन, आणि भडगावचे तीन गडी तिन्ही बेसवर उभे. भाईदास बॅट घेऊन आला. प्रेमराजने जीव ओतून चेंडू फेकला, तो थाडकन भाईदासच्या खांद्यावर बसला. भाईदासला पहिला बेस मिळाला, त्याच्या पुढचे सगळे एकेक बेस सरकले, तिसऱ्या बेसवरचा ‘होम’ला पोचला, जिंकायचा रन झाला आणि भडगावने कप नेला. त्या दिवसापासून सोनगीरच्या बाजारात प्रेमराज दिसला की कुणीतरी स्वतःच्या खांद्यावर थाप मारून हसायचंच. “प्रेमराजने कप उचलून भाईदासच्या खांद्यावर ठेवला,” ही तर म्हणच झाली. प्रेमराज बारा वर्षं एकच सांगत आला होता, की भाईदास मुद्दाम आडवा आला. कुणी ऐकलं नाही. ताट भिंतीवर लागलं की ही तोंडं बंद होतील, एवढीच त्याची आशा.

म्हणून त्याने वकिलीची तयारीही पक्की केली होती. भाईदासची बाजू मांडायची, पण अशी मिळमिळीत की ऐकणाऱ्याला जांभई यावी. त्याने तीन वाक्यं पाठ केली होती. भाईदास चांगला माणूस आहे. तो सरावाला वेळेवर यायचा. त्याची टोपी नेहमी धुतलेली असायची.

जळगावच्या स्टँडवर यावलची गाडी लागली आणि बघतो तर खिडकीशी भाईदास. उंच, हाडकुळा, कोपर अंगाशी धरून बसलेला, जसा काही तिथेही चेंडू येणार होता. त्याने हात करून शेजारची जागा दाखवली.

“बॅग द्या मनाकडे,” भाईदास म्हणाला.

“नको नको.”

“जड शे का?”

“हलकी शे,” प्रेमराज म्हणाला. तेवढ्यात गाडीने खड्डा घेतला आणि पिशवीत ताटावर हातोडी आपटून देवळातल्यासारखा टोला पडला. चार बायकांनी वळून पाहिलं. भाईदास तसा फार बोलणाऱ्यातला नव्हताच. दिवसभर ‘पुढे सरका’ म्हणून म्हणून त्याचे शब्द संपलेले असायचे. पण यावल येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला ठण्ण व्हायचं आणि प्रत्येक ठण्णला प्रेमराज खोकायचा. उतरताना भाईदासने काळजीने विचारलं, “छातीमा कफ शे का?”

मळ्यात धूर चढला होता. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून जीवरामनानांनी त्यावर वांगी टाकली होती, ती लांबलचक, हिरवी, बिया कमी असलेली. जीवरामनाना यावलच्या संघाचे जुने कॅचर, आता पंच, आणि भरताचे सर्वाधिकारी. दुसरा पंच हितेंद्र, धुळ्याच्या शाळेत खेळाचा मास्तर. त्याच्या लॅपटॉपमध्ये लीगचे सगळे आकडे असत आणि लॅपटॉप तो तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन बसे. तिसऱ्या कोकिळाअक्का. त्यांनी वीस वर्षं लीगची अंपायरगिरी केली होती. आवाज असा की त्यांनी ‘आऊट’ म्हटलं की शेजारच्या शेतातला माणूसही काम टाकून निघायचा.

नानांनी वांगी सोलली, लाकडी कुंडीत ठेचली, वर शेंगदाणे आणि मिरच्या टाकल्या. तेलाची कढई चुलीशेजारी तयार ठेवली आणि हात झटकले.

“मनं काम झायं,” ते म्हणाले. “आते तुम्ही लवकर भांडा. माले भूक लागनी.”

अक्कांनी प्रेमराजला खूण केली. प्रेमराज उठला, शर्ट खाली ओढला आणि शहरी मराठीत सुरू झाला. “मान्यवर पंच. भाईदास हा एक चांगला माणूस आहे. तो सरावाला वेळेवर येत असे. त्याची टोपी नेहमी धुतलेली असे. धन्यवाद.” आणि तो बसला.

नानांनी खरोखरच जांभई दिली. प्रेमराजच्या पोटात गुदगुल्या झाल्या. भाईदास मान खाली घालून पुरीच्या पिठाकडे बघत होता.

सगळं सुरळीत होतं. घात केला तो हितेंद्रने. त्याने लॅपटॉपवर बोट फिरवलं आणि म्हणाला, “तसंही भाईदासच्या केसमध्ये बोलण्यासारखं काय आहे? बॅटिंग नाही, पळणं नाही. नुसता उभा राहायचा आणि मार खायचा. हे तर बुजगावणंही करेल.”

इथे प्रेमराजचा एक दुर्गुण सांगायचा राहिला. त्याला गोष्ट वाईट सांगता येत नसे. एखादी गोष्ट कुणी चुकीची सांगू लागलं तर त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि ज्या चेंडूने आपला कप गेला, तो चेंडू बुजगावण्याने खाल्ला असता म्हणे! म्हणजे प्रेमराज बुजगावण्याशी हरला की काय?

“ओ मास्तर,” तो उठलाच, “तुम्ही मना चेंडू कधी देखेल शे का?”

“आकडे बघितलेत.”

“आकडा खांदावर बसत नही!”

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. पाठ केलेली टोपी कुठल्या कुठे उडाली. प्रेमराज मैदानात गेला, म्हणजे चुलीच्या पलीकडे. त्याने किल्ला उभा केला, माणसं उभी केली, सोनगीरच्या बायका गच्च्यांवर चढवल्या. मी फेकायचो तेव्हा भले भले बॅटर मागे सरायचे, तो सांगू लागला. यावलचा एक पहिलवान तर बॅट टाकून पळाला होता, आणि तो पहिलवान म्हणजे खुद्द नानांचा पुतण्या. नाना हसून हसून कुंडीवर वाकले. आणि त्या सगळ्यांत हा एक माणूस, प्रेमराजने भाईदासकडे बोट केलं, अंगावर मूठभर मांस नाही, सकाळी एसटीतून धक्के खाऊन आलेला, हा पाय रोवून उभा. तीन गडी बेसवर. हाताला घाम. आणि हा हलत नाही!

“असा फेका मी!” प्रेमराज ओरडला. त्या भरात त्याचा हात चुलीजवळच्या टोपलीत गेला, एक न भाजलेलं वांगं हाताला लागलं, आणि बारा वर्षांपूर्वीचा सगळा जोर एकवटून त्याने ते फेकलं.

वांगं थेट भाईदासच्या दिशेने. आणि भाईदासने काय करावं? कुणीही शहाणा माणूस खाली वाकला असता. भाईदासने किंचित वळून खांदा पुढे केला. थप्प! वांगं खांद्यावर फुटलं. एवढ्यावर थांबतं तरी बरं होतं. पण अंगात मुरलेली सवय! भाईदास उठला आणि दुडक्या चालीने चुलीला वळसा घालून पाण्याच्या पिंपाशी जाऊन उभा राहिला. पहिला बेस.

नाना तर जमिनीवर लोळायचेच बाकी होते. हितेंद्रने लॅपटॉप मिटला, कारण हसताना तो पडेल अशी त्याला भीती वाटली. कोकिळाअक्का, ज्या मैदानावर कधी हसल्या नव्हत्या, त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “बेस दिला! बेस दिला!”

“हाई बुजगावनं शे का?” प्रेमराजने धापा टाकत विचारलं.

“नाही बाबा,” हितेंद्र म्हणाला. “माझं मत भाईदासला.”

“मनंबी,” नाना म्हणाले आणि कढईकडे हात नेला.

तेव्हा कुठे प्रेमराज भानावर आला. आपण काय करून बसलो हे त्याला आत्ता दिसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पिशवी बाभळीखाली होती, पिशवीत ताट होतं, ताटावर नाव होतं, आणि घरी दिपमालाने शेजारणींना तोंड गोड करायला बोलावून ठेवलं होतं.

“थांबा नाना,” अक्का म्हणाल्या. “अजून भाईदासला प्रेमराजची वकिली करायचीय. रीत ती रीत.”

प्रेमराजने मनातल्या मनात हात जोडले, पण त्यात जीव नव्हता. मुळात न बोलणारा माणूस, त्यात ताट जवळजवळ त्याच्या पदरात पडलेलं. तो कशाला तोंड उघडतो? फार तर म्हणेल, प्रेमराजची टोपी धुतलेली असायची.

भाईदास पिंपाजवळून परत आला. खांद्यावरच्या वांग्याच्या बिया त्याने झटकल्या.

“मी बठ्ठासना चेंडू खादात,” तो म्हणाला. “यावलना, धुळाना, बठ्ठासना. ते मी देखीदेखी आंगवर लिधात. चेंडू येताना दिसे, मी खांदा पुढे करू. आते वांगं दिसनं, तसंच.” तो प्रेमराजकडे वळला. “पन त्या फायनलमा प्रेमराजभाऊना चेंडू माले दिसनाच नही. मी खांदा दिधा नही. तो कव्हय उना, कव्हय लागना, माले समजनंच नही. तसा चेंडू मी कधी देखा नही. बस.”

आणि तो खाली बसला.

प्रेमराजला वाटलं, आपण उभे आहोत की बसलोय? बारा वर्षं तो ज्याला लबाड म्हणत आला, त्या माणसाने त्याला मुद्दाम हरवलंच नव्हतं. चेंडू इतका वेगवान होता की तो दिसलाच नाही. लीगमधला सगळ्यात जास्त चेंडू पाहिलेला माणूस, सर्वांच्या देखत, स्वतःच्या तोंडाने हे सांगत होता. प्रेमराजला इतका आनंद झाला की त्याला रडू फुटेल असं वाटलं, आणि तो खोकला.

पण मळ्यात वेगळीच आग लागली होती. “भाईदास,” अक्का सावकाश म्हणाल्या, “मुद्दाम अंगावर घेतलेल्या चेंडूला बेस मिळत नाही. बॅटरने चुकवायला पाहिजे. नियम आहे. वीस वर्षं मी तुला बेस दिले. तू मला फसवत होतास?”

भाईदासने मान डोलावली. खोटं बोलणं त्याला जमतच नव्हतं.

“मग संपलं,” हितेंद्र म्हणाला. “सगळे बेस रद्द धरायला हवेत. शिल्लक काय उरतं? शून्य. माझं मत बदललं. प्रेमराज.”

“मनंबी,” नाना म्हणाले. त्यांचं मत भुकेबरोबर चालत होतं. “अक्का, तुम्ही हां म्हना आनि माले फोडनी देऊ द्या.”

म्हणजे ताट प्रेमराजचं झालं. काही करायची गरजच नव्हती, नुसतं गप्प बसायचं. टॉवेल सोडायचा, ताट काढायचं, त्यावर नाव तर आहेच. उद्या सोनगीरच्या बाजारात छाती काढून फिरायचं. तो भाईदासकडे पाहू लागला. भाईदास खांदा चोळत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर खंत औषधालाही नव्हती. रीत म्हणाली वकिली कर, त्याने केली. प्रामाणिकपणे, स्वतःच्या मुळावर येईल अशी केली.

आणि आपण? धुतलेली टोपी!

प्रेमराजला स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले. आणि लाजेच्या खालीच, चुलीतल्या निखाऱ्यासारखा, तो आनंद अजून धगधगत होता. त्याला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. आता ताटात आणखी काय वाढून घ्यायचं?

“अक्का,” तो उठला, “मी अजून भाईदासना वकील शे. मनं बोलनं सरनं नही.”

नानांनी कपाळ बडवलं.

“तुम्ही बेस दिधात ना?” प्रेमराज म्हणाला. “मैदानवर, बठ्ठा लोकसमोर? मंग अंपायरना निकाल कधी बदलस का? सामना सरी गया, लोक घर गयात, कप कपाटमा गया. आते भरीतवर बशीसन निकाल बदलाना?”

अक्कांच्या भुवया वर गेल्या. वीस वर्षांत कुणाही खेळाडूने, कितीही रडून, त्यांना निकाल बदलायला लावला नव्हता. त्यांचा तो अभिमान होता.

“आनि आखो एक,” प्रेमराजचा आवाज चढला. “चेंडू येताना दिसस, तरी उभा ऱ्हास, ते का कमी शे? माले सांगा, मास्तर, तुम्ही ऱ्हाशात का उभा?” त्याने टोपलीतून दुसरं वांगं उचललं. हितेंद्र लॅपटॉप छातीशी धरून दोन पावलं मागे सरकला.

“हे पाहा,” अक्का म्हणाल्या. “मी मैदानात दिलेला निकाल भरतावर बदलत नाही. बेस दिले ते दिले. माझं मत भाईदास.”

“भाईदास,” हितेंद्र वांग्याकडे बघत म्हणाला.

“भाईदास, भाईदास!” नाना ओरडले आणि कढई चुलीवर चढलीसुद्धा. मोहरी तडतडली, लसूण लाल झाला आणि फोडणीचा चर्रर आवाज होताच सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

“प्रेमराज, ताट काढ,” अक्का म्हणाल्या. “नाव घाल पटकन.”

प्रेमराजने पिशवीकडे पाहिलं. पिशवी जणू त्याच्याकडे पाहत होती. तो गेला, त्याने टॉवेल सोडला, ताट छातीशी उलटं धरून आणलं आणि दुसरा इलाजच नाही म्हणून सुलटं केलं. काठावर टपोऱ्या, देखण्या ठिपक्यांत लिहिलं होतं: प्रेमराज.

अक्कांनी वाचलं. हितेंद्रने वाचलं. नानांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, त्यांना अक्कांनी वाचून दाखवलं.

“उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!” अक्का म्हणाल्या, आणि पुन्हा तोच हशा, आणखी मोठा. नानांचा झारा हातातून सुटला. हसता हसता हितेंद्र म्हणाला, “आता काय करायचं? दुसरं ताट कुठाय?”

फक्त भाईदास हसला नाही. “तरीच,” तो हळूच म्हणाला. “गाडीमा खोकला येत व्हता.”

प्रेमराज ताट घेऊन खाली बसला. बारा वर्षांची हौस ठिपक्याठिपक्याने काठावर बसली होती, आणि पितळेवर घातलेलं नाव काही पुसता येत नाही. त्याने बोट फिरवलं. मग त्याला आठवलं की गावोगावच्या लग्नांतली भांडी आपल्याच दुकानातून जातात, आणि त्यांवर मामाचं, काकाचं, आत्याचं नाव आपणच घालतो. देणाऱ्याचं नाव आधी येतं. त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की तो मोठ्याने हसला.

“हातोडी द्या,” तो म्हणाला.

ठक ठक ठक. आपल्या नावापुढे त्याने तीन अक्षरं जोडली: कडून. काठावर जागा तेवढीच होती, कारण स्वतःचं नाव त्याने भलतंच ऐसपैस घातलं होतं. पुढचं नाव बारीक करून कोपऱ्यात कोंबता आलं असतं. पण ते त्याच्या मनाला येईना. त्याने ताट गुडघ्यावर घट्ट धरलं आणि मधोमध, जिथे कुणी कधी नाव घालत नाही, तिथे मोठ्या अक्षरांत ठोकलं: भाईदासला.

नानांनी त्यावर भरताचा वाफाळता डोंगर वाढला आणि ते नाव झाकलं गेलं. काठावर तेवढं ‘प्रेमराजकडून’ दिसत राहिलं. भाईदासने ताटाकडे पाहिलं, मग प्रेमराजला दंडाला धरून समोर बसवलं.

“नाव तुमनं पहिलं शे,” तो म्हणाला. “पहिला घास तुमनाच.”

प्रेमराजने पुरीचा तुकडा मोडला आणि ताटातून भरपूर भरीत उचललं. खालून ‘भा’ निघाला. मग भाईदासने घास घेतला, मग पुन्हा प्रेमराजने. दोघं उपाशी होते, हात भराभर चालत होते, आणि भरताखालून एकेक अक्षर वर येत होतं.